उटणं

रेडिएशन विभागाबाहेर शकीला नवऱ्याची, मैनुद्दीनची, वाट बघत बसली होती. मागच्या बाकावर साठीतलं एक जोडपं हळू आवाजात भांडत होतं.

“छातीवरच्या जांभळ्या खुणा पुसायच्या नाहीत, हे ठाऊक होतं ना तुम्हाला?”

“होतं.”

“मग काल दिवाळीच्या आंघोळीला मी उटणं चोळत होते, तेव्हा मूग गिळून का बसलात?”

“मूग कसले गिळतोय? पाणीसुद्धा उतरत नाही घशाखाली.”

“चेष्टा पुरे. आज किमोही आहे. किमोनं गाठ हळवी होते, मग किरण जास्त लागू पडतात, असं डॉक्टर म्हणाले होते. आता खुणाच नाहीत, तर किरण मारणार कुठे?”

“पुन्हा काढतील खुणा. तासभर जाईल आणि दोन शब्द ऐकावे लागतील, एवढंच.”

“पण तेव्हाच बोललात का नाही?”

त्यानं आवाज आणखी खाली आणला.

“किरण माझ्या अंगातून तुला लागतील, असं शेजारणीनं सांगितलं. तसं काही नसतं, असं डॉक्टरांनी दोनदा सांगितलं. तरी तू अंथरूण वेगळं घातलंस.”

“अहो…”

“काल पाच आठवड्यांनी हात लावलास. तेव्हा काय खुणा सांभाळत बसू?”

तेवढ्यात दार उघडून मैनुद्दीन बाहेर आला आणि रोजच्या सवयीनं एक खुर्ची सोडून बसायला गेला. मधल्या खुर्चीवर रोज ठेवायची ती पिशवी शकीलानं उचलली आणि मांडीवर घेतली.