संस्थेच्या खात्यात पडलेली माझी नोंद

नाव: ज्योत्सना इश्वर दिघोरे, वय २७ वर्षे, शिक्षण बी.ई. संगणक, व्यवसाय नोकरी, रा. अड्याळ, ता. पवनी, जि. भंडारा.

आज दि. १४ नोव्हेंबर २०२५ रोजी मी कोणी न बोलावता ठाण्यात आले असून, माझ्या आधीच्या तक्रारीबाबत पुरवणी जबाब देते की,

१. माझ्या एका पासवर्डची नोंद मला माझ्या खात्यात सापडली नाही.
२. दि. ३ नोव्हेंबर रोजी मी या ठाण्यात तक्रार दिली. माझे सहकारी धम्मदीप देवानंद बन्सोड, रा. वरठी, यांनी माझ्या खात्यात शिरून ती नोंद चोरली, असे मी लिहिले.
३. त्यांना ठाण्यात बोलावण्यात आले. त्यांचा मोबाइल तपासणीसाठी ठेवून घेतला.
४. चोरी झालेली नव्हती. ती नोंद मी स्वतः चुकीच्या खात्यात ठेवली होती.
५. तीच चूक मी दुसऱ्यांदा केली, तेव्हा मला हे कळले.

मी अड्याळ येथील तलावकाठ मच्छीमार सहकारी संस्थेत संगणकाचे काम पाहते. तलावाच्या ठेक्याचे अर्ज, मत्स्यबीजाची मागणी, बँक, ईमेल यांचे पासवर्ड पूर्वी भिंतीवरच्या कॅलेंडरमागे लिहिलेले असत. मी आल्यावर ते पासवर्ड सांभाळणाऱ्या ॲपमध्ये ठेवले. त्यात माझी दोन खाती आहेत. एक संस्थेचे, ते मी, धम्मदीप आणि हिशेब पाहणारी डिंपल असे तिघे उघडू शकतो. दुसरे वैयक्तिक, ते फक्त माझे. पडद्याच्या कोपऱ्यातला गोल दाबला की एका खात्यातून दुसऱ्यात जाता येते. नवी नोंद त्या वेळी जे खाते उघडे असेल त्यात जाते. साठवण्याआधी गोल पाहायचा, हे इतर दोघांना मीच शिकवले. डिंपल एकदा चुकली, तेव्हा मी तिला सर्वांसमोर बोलले होते.

ऑक्टोबरच्या अखेरीस मी पुनर्विवाह जुळवणाऱ्या एका संकेतस्थळावर नाव नोंदवले आणि तेथला पासवर्ड ॲपमध्ये साठवला. माझे लग्न झाले होते आणि मोडले, हे संस्थेत कोणाला माहीत नव्हते. नोकरीच्या अर्जात मी अविवाहित असे लिहिलेले नाही; तो रकाना रिकामा ठेवला होता. त्या लग्नाबद्दल या जबाबात आणखी सांगण्यासारखे नाही.

ती नोंद वैयक्तिक खात्यात दिसेना, म्हणून मी संस्थेच्या खात्यातल्या हालचाली, म्हणजे कोणी कोणती नोंद ठेवली किंवा काढली याची यादी, पाहिली. तेथे ती नोंद धम्मदीप यांनी काढल्याचे दिसले. मी पडद्याचे चित्र घेतले आणि सरळ ठाण्यात आले. धम्मदीप यांना काही विचारले नाही. तक्रारीत 'खाजगी नोंद' एवढेच लिहिले. संस्थेच्या हालचालींत फक्त संस्थेच्या खात्यातल्या नोंदी येतात. माझ्या वैयक्तिक खात्यातले काही तेथे येऊच शकत नाही. म्हणजे मी पुरावा म्हणून दिलेले चित्र माझीच चूक दाखवत होते. हे मला माहीत असायला हवे होते, असे नाही. माहीत होते.

ठाण्यात माझ्यासमोर विचारल्यावर धम्मदीप म्हणाले, "काढलं मीच. काहून काढलं ते मी नाही सांगत. ताईले विचारा." मला ती धमकी वाटली. तसे मी लिहूनही दिले.

संस्थेत फक्त काहीतरी चोरीला गेले एवढेच कळले होते. अध्यक्ष परसरामजी मला म्हणाले, "पोरी, तू त म्हणत होती, ह्याच्यातून मुंगीही नाही जात. मंग गेलं कसं?"

दि. ११ रोजी मी त्या संकेतस्थळाचा पासवर्ड बदलला आणि नवी नोंद साठवली. थोड्या वेळाने डिंपलचा फोन आला. "ताई, तुमचं काहीतरी इकडं येऊन पडलं. आता माहं नाव नका देऊ ठाण्यात." ती हसत होती. मग तिने बहुतेक नोंदीचे शीर्षक वाचले असावे; त्यात 'पुनर्विवाह' हा शब्द आहे. ती म्हणाली, "ताई, तुमचं लग्न झालं होतं काय?" मी हो म्हटले. ती म्हणाली, "मंग मी काही पाहिलं नाही." मी कोपऱ्यातला गोल पाहिला. तो संस्थेचा होता.

दुसऱ्या दिवशी मी वरठीला धम्मदीप यांच्या घरी गेले. दारात त्यांच्या आई सत्यभामाबाई होत्या. त्या म्हणाल्या, "तिघं जण काम करता तिथं. कोणाले काही विचारलं नाही, अन् ठाण्यात माह्याच पोराचं नाव कसं काय गेलं, बाई?" मी हालचालींच्या नोंदीबद्दल सांगू लागले. त्या म्हणाल्या, "ते नाही विचारून राहिली मी."

धम्मदीप यांनी खुर्ची अंगणात आणून ठेवली. ते स्वतः उभे राहिले. ते म्हणाले, "तुम्ही सुटीवर होत्या. परसरामजी अन् सदस्य ठेक्याचा अर्ज पाहाले जवळ येऊन बसले. मी यादी उघडली त सगळ्यात वर तेच. सगळे पाहतीन म्हणून काढून टाकलं."

मी म्हटले, मला तरी सांगायचे होते.

ते म्हणाले, "कसं सांगू? सांगतलं असतं त मले माहीत झालं, हे तुम्हाले माहीत झालं असतं."

ठाण्यात तरी का सांगितले नाही, असे मी विचारले. ते म्हणाले, "तिथं त आणखीच लोक होते ना, ताई."

धम्मदीप यांची वनरक्षक पदासाठी निवड झाली आहे. कागदपत्रांची तपासणी दि. २४ नोव्हेंबर रोजी आहे. चारित्र्य पडताळणीच्या अर्जात पोलिसांकडे काही प्रलंबित आहे काय, असा प्रश्न आहे. आज त्यांना तेथे खरे उत्तर 'होय' असे द्यावे लागेल, ते माझ्या चुकीमुळे. हे मला त्यांनी सांगितले नाही. मी निघाल्यावर सत्यभामाबाई रस्त्यापर्यंत आल्या, त्यांनी सांगितले.

हवालदारांनी आज सुचवले की लग्नाचा उल्लेख गाळू, 'खाजगी नोंद' पुरे आहे. मी नको म्हटले. तो गाळला तर धम्मदीप यांनी नोंद का काढली आणि ते गप्प का राहिले, हे वाचणाऱ्याला कळणार नाही. चुकीच्या तक्रारीबद्दल माझ्यावर जी कार्यवाही होईल ती मला मान्य आहे.

हा मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवला, तेव्हा बाकावर इतर लोकही बसलेले होते. एका ठिकाणी 'गैरसमजामुळे' असे लिहिले गेले होते. ते खोडून 'माझ्या चुकीमुळे' करून घेतले व तेथे सही केली. बाकी सर्व मी सांगितले तसेच लिहिले आहे.

दि. ३ नोव्हेंबरची तक्रार मी मागे घेते. धम्मदीप बन्सोड यांचा मोबाइल त्यांना परत द्यावा आणि त्यांच्याविरुद्ध या ठाण्यात काही प्रलंबित नाही, असे लेखी कळवावे. हे उत्तर गुरुवार, दि. २० नोव्हेंबर २०२५ पर्यंत मिळावे. ते माझ्या नावे न पाठवता त्यांच्या वरठीच्या पत्त्यावर पाठवावे, ही विनंती.