शेवटच्या पानावरचं नाव

नाय साहेब, तुमच्यावर राग नाय – तुमी खालापूरला एसटीतून उतरून ह्या उन्हात अडीच मैल पायी आलात, तुमच्यावर कसला राग – पण मुंबईला तुमच्या संस्थेत जो कोण पत्रं फोडतो ना, त्याच्यावर हाय. टेका, त्या खांबाला टेका. पत्राखाली मालोजी ठोंबरे वाचून तुमाला वाटलं असंल, कोण इंजिनिअर हाय. कसला इंजिनिअर? रसायनीच्या कारखान्यात कार्डं पंच करतो मी, सात वर्षं झाली – कार्डाला भोकं पाडायची नि ती कंप्युटरच्या यंत्राला भरवायची, एवढंच माझं काम.

तुमचा तो समीकरणं सोडवायचा प्रोग्रॅम आमच्याकडं आला, तेव्हा पहिल्याच पानावर काय छापलं व्हतं? हा सगळ्यांना फुकट हाय, आतली ओळन् ओळ उघडी हाय, वाचा, चूक सापडली तर दुरुस्त करून धाडा, धाडणाऱ्याचं नाव शेवटच्या पानावर छापू. आता कार्डं पंच करणाऱ्याचं नाव कुठं छापतात साहेब? लग्नाच्या पत्रिकेत छापलं, तेवढंच. मी ते पान घडी करून खिशात ठेवलं.

मग कळवलं की, उत्तर चुकतंय म्हणून. तुमचं पत्र आलं – कुठल्या आकड्यांवर चुकतंय ते लिहा. आता कारखान्याची अठरा समीकरणं, ती काय पोस्टकार्डावर मावतात? म्हटलं थांबा, तुमाला आख्खा प्रोग्रॅमच नवा करून देतो. तीन महिने – जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला ठेवून – तीनशे दहा कार्डं पंच केली, बुटाच्या खोक्यात भरली, सुतळी बांधली, रजिस्टर पोस्टानं धाडली. खोकं परत. आत चिठ्ठी – तुमी सगळंच बदललंय, त्यामुळं चूक कुठं व्हती ते कळत नाय, फक्त बदललेली ओळ धाडा आणि चूक दाखवणारं लहानात लहान उदाहरण. लहानात लहान! कोंडाजी पोस्टमननं गावभर केलं, मालोजीचं खोकं मुंबईनं परत धाडलं म्हणून. आणि माझ्या कार्डांवर उत्तर बरोबर येत व्हतं का – नाय, तेबी चुकतच व्हतं, पण ते जाऊ द्या.

आता मागनं धाडलेलं ते लहान उदाहरण, ज्यासाठी तुमी आलात. दोनच समीकरणं. पहिल्यात एक्स नायच, नुसता वाय बरोबर तीन. दुसऱ्यात नुसता एक्स बरोबर पाच. उत्तर समोरच लिहिलेलं हाय ना? तर तुमचा प्रोग्रॅम म्हणतो एक्स तीन, वाय पाच. का? तर पहिल्या जागी शून्य आलं की तो दोन ओळींची अदलाबदल करतो, पण डावीकडचीच – उजवीकडचे आकडे जागचे हलतच नायत. पंगतीत दोघांनी पाट बदलले नि ताटं तिथंच ऱ्हायली, मग ज्याला गोड चालत नाय त्याच्या पुढ्यात बुंदी – असंच म्हणाली ती, तांदूळ निवडता निवडता –

ती म्हंजे घरातली, माझी बायको. नाय, मी कागद पसरून बसलो व्हतो, तिनं वाकून बघितलं, एवढंच. मॅट्रिक झालीय, गणितात शाळेत पहिली व्हती म्हणे. पण कारखान्यातनं कागद मी आणले साहेब, टपालाला मी गेलो, गावात हसं माझं झालं. तिनं काय केलं? आठ दिवस दुपारची बसून तुमच्या छापील ओळी बोट ठेवून वाचल्या, आणि अठरा समीकरणं छाटत छाटत दोनावर आणली. बदलायची ओळ तिनं सांगितली, ती मी पंच केली. झालं तर मग.

सहीचं म्हणाल, तर मीच म्हटलं तिला, माझी असू दे, बाईचं नाव बघून तुमचा माणूस पाकीटबी फोडायचा नाय. ती सूप घेऊन आत गेली. त्या दिसापासनं मी कागद पसरला की ती उठून जाते. तुमी तपासायला धाडलेला दुसरा प्रोग्रॅम महिनाभर त्या पेटीवर हाय. रोज वाचतो मी. रोज. मला त्यात काय दिसत नाय, आणि ह्याचा मला लई राग येतो.

आता हे काय काढलंत? तीन समीकरणांत दोनदा अदलाबदल झाली तर काय व्हईल – हे मला नका विचारू. ते नावाचं पान आणलंय ना, छापायला जायचंय ना उद्या? मग लिहा. मालोजी – थांबा. नाय, खोडा ते. खोडा म्हणतो ना.

अगं ए, हात पूस नि बाहेर ये. हे मुंबईचे साहेब तुझ्याकडं आलेत – माझ्याकडं नाय गं, तुझ्याकडं. बस इथं. त्यांना तीन समीकरणांचं विचारायचंय. मी काय मधी बोलत नाय.

लिहा साहेब, सोनाबाई. नाय, पुरतं लिहा – सोनाबाई मालोजी ठोंबरे. मधलं नाव फक्त गाळू नका.