तिसरा पर्याय कोणी निवडला, याबाबत

मंगळवार, दिनांक ११ मार्च २०२५, सकाळी ११ वाजून ४२ मिनिटे. घटनेची ही वेळ मी सर्वांत आधी लिहून घ्यायला लावली आहे, कारण विभागप्रमुखांच्या तक्रारीत ती "दुपारच्या सुमारास" अशी आहे.

नाव ओळखपत्राप्रमाणे. वय ६३ वर्षे. सेवानिवृत्त, तीन वर्षांपूर्वीपर्यंत रुग्णालयाच्या संगणक विभागाची प्रमुख. राहणार रुग्णालयामागची वसाहत, दुसरा मजला.

आज दिनांक १८ मार्च रोजी पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून सांगते की, रुग्णालयात एका दणकट सर्व्हरवर सोळा आभासी सर्व्हर चालतात. एका इमारतीत सोळा बिऱ्हाडे असावीत तसे. त्यातले एक बिऱ्हाड रक्तपेढीचे. ही इमारत चालवणारी प्रणाली जुनी झाल्याने ती अपग्रेड कशी करावी, याचे तीन दिवसांचे प्रशिक्षण नऊ प्रशासकांसाठी ठेवले होते. जुन्या मांडणीची माहिती द्यायला मला पत्राने बोलावले होते. मी प्रशिक्षणाच्या हॉलमध्ये तिसऱ्या रांगेत बसले होते.

पहिल्या दिवशी प्रशिक्षकांनी पडद्यावरचा मजकूर आम्हाला वाचून दाखवला. आम्हा सर्वांना वाचता येते. उत्तीर्ण झाल्याची प्रमाणपत्रे सह्यांसकट त्याच सकाळी टेबलावर ठेवलेली होती.

दुसऱ्या दिवशी प्रात्यक्षिक होते. त्यासाठी सरावाचा वेगळा सर्व्हर लागतो. तो तयार ठेवावा, असे कनिष्ठ प्रशासक बाईंनी महिनाभरात दोनदा लेखी कळवले होते. तो तयार नव्हता. प्रशिक्षक म्हणाले, "चालूच मशीन घेऊ या. हाताला खरी सवय होते."

कनिष्ठ बाई उभ्या राहिल्या. "सर, यावर रक्तपेढी आहे. आधी सगळे सर्व्हर दुसऱ्या मशीनवर हलवावे लागतील."

"अहो ताई, स्नॅपशॉट घेतलाय ना? मग कशाला एवढा घोर?"

"सर, ती प्रत त्याच डिस्कवर आहे. डिस्क गेली की तीही गेली."

"तुमच्या मॅडमनी फार घाबरवून ठेवलंय तुम्हाला."

लोक हसले. मी म्हणाले, "घाबरवलं नाही, शिकवलं. दोन्हींतला फरक तुम्हाला कोणी दाखवलेला दिसत नाही."

"आजी, तुमच्या काळी मशीनं वेगळी होती."

"मला दोन नातवंडं आहेत. त्यांत तुम्ही नाही. आणि ती दोघं काही दाबण्याआधी वाचतात."

प्रशिक्षकांनी विभागप्रमुखांकडे पाहिले. विभागप्रमुख मोबाइलमध्ये होते. मान वर न करता म्हणाले, "करा, करा. जेवणाआधी उरका."

प्रशिक्षकांनी कनिष्ठ बाईंना कळफलकाशी बसवून मशीन बंद करून पुन्हा सुरू करायला लावले, आणि सोळाही सर्व्हर बंद पडले. मग पडद्यावर तीन पर्याय आले. पहिला, डेटा राखून अपग्रेड. दुसरा, डेटा राखून नव्याने उभारणी. तिसरा, डेटा पुसून नव्याने उभारणी. प्रशिक्षक म्हणाले, "तिसरा घ्या. जुना कचरा कशाला ठेवायचा?"

कनिष्ठ बाईंनी कळफलकावरून हात काढले. "मी हे करणार नाही, सर." त्या उठून भिंतीशी उभ्या राहिल्या. प्रशिक्षक त्यांच्या खुर्चीत बसले आणि तिसरा पर्याय निवडला. खात्री आहे का, असे मशीनने विचारले. प्रशिक्षकांना खात्री होती. पडद्यामागच्या भिंतीवरील घड्याळात तेव्हा ११.४२ झाले होते.

तीन मिनिटांत रक्तपेढीच्या तंत्रज्ञ बाई धावत आल्या. "अहो, आमचा स्क्रीन गेला तो आलाच नाही! टेबलावर पेशंट आहे, कुठली पिशवी जुळते ते कुठे बघू?" प्रशिक्षक खुर्चीतून उठले आणि वर्गाला म्हणाले, "बघा, ही चूक करायची नाही."

दोन शस्त्रक्रिया पुढे ढकलल्या. कोणी दगावले नाही. त्याचे श्रेय हॉलमधल्या कोणालाही नाही.

मशीनच्या नोंदीत कनिष्ठ बाईंचे नाव आहे, कारण सकाळी लॉगिन त्यांनी केले होते. नोंद खात्याचे नाव लिहिते. बोट कोणाचे होते ते लिहीत नाही. एवढ्या नोंदीवर विभागप्रमुखांनी तक्रार दिली की पदोन्नती डावलल्याच्या रागातून बाईंनी मुद्दाम डेटा नष्ट केला. तक्रार देण्याच्या तासभर आधी त्याच बाईंना "अपग्रेड करण्यास सक्षम" असे प्रमाणपत्र देताना ते फोटोसाठी हसले होते.

रक्तपेढीचा डेटा बुधवारी सकाळी परत आला, तो असा. कनिष्ठ बाई दर सोमवारी संध्याकाळी त्याची प्रत वेगळ्या डिस्कवर काढून कपाटात कुलपात ठेवतात. ही पद्धत माझी. विभागप्रमुखांनी ती परिपत्रक काढून "कालबाह्य" म्हणून बंद केली होती. बाईंनी बंद केली नाही. ज्याला मुद्दाम नासधूस करायची असते, तो आदल्या संध्याकाळी प्रत काढून ठेवत नाही. रुग्णालयाच्या अहवालात मात्र "व्यवस्थापनाच्या दूरदृष्टीमुळे डेटा वाचला" असे छापले आहे.

तपास अंमलदारांनी विचारले, "बाई, तुमचा तिच्यावर जीव आहे का?" प्रश्नाचा घटनेशी संबंध नाही. त्या अकरा वर्षे माझ्या हाताखाली होत्या. आज त्यांना इथे तिसऱ्यांदा बोलावले आहे. त्या बाहेर बाकावर आहेत. मी आत येईपर्यंत त्यांच्या नवऱ्याचा चार वेळा फोन आला. त्यांनी घेतला नाही.

हॉलच्या दारावर आत रोखलेला कॅमेरा आहे. तो त्या दिवशी बंद होता, असे विभागप्रमुख सांगतात. त्याच कॅमेऱ्यात पाहून त्यांनी त्याच दिवशी सफाईच्या बाईंना, हॉलमध्ये दहा मिनिटे बसल्याबद्दल, लेखी समज दिली. ती मी सोबत जोडली आहे.

हा जबाब मला वाचून दाखवला. चार ठिकाणी माझे शब्द मऊ केले होते. ते होते तसे करून घेतले. आता तो मी सांगितला तसा आणि खरा आहे.

सहीखाली माझ्या हाताने: कॅमेऱ्यातले चित्रण चौदा दिवसांनी आपोआप पुसले जाते. म्हणजे मंगळवार, २५ मार्च, सकाळी ११.४२. ते ताब्यात घेतले की नाही, आणि नसल्यास कोणाच्या सांगण्यावरून, याचे लेखी उत्तर सोमवार, २४ मार्च, सायंकाळी पाच वाजेपर्यंत मला मिळावे. तोंडी उत्तर मी घेणार नाही.