आधी रिकाम्या हातानं

मंडळी, शिफ्ट सुटल्यावर घरी न जाता तुम्ही सगळे इथे गोदामात थांबलात. दिघाशीहून महादूदादांच्या घरची माणसं आली आहेत. बोलणं हे माझं रोजचं काम. या कंपनीचा ट्रेनिंग विभाग मी सांभाळतो. पण आज मी शिकवायला उभा नाही. रविवारी सकाळी दादांच्या छातीत दुखलं, आणि दवाखान्यात पोचायच्या आधीच ते गेले.

वडप्याच्या या गोदामात मी नवीन आलो तेव्हा मोठ्या तोऱ्यात होतो. मुंबईहून प्रोजेक्टर मागवला. माल कसा उचलावा, थप्पी कशी लावावी, सगळं पडद्यावर. दहाव्या मिनिटाला अर्धी माणसं पेंगायची. मी चिडायचो. मागे दादा उभे असत. हुद्दा हेल्परचा, शिक्षण सातवी. एकदा हळूच म्हणाले, माणसं भर ड्युटीवरनं आल्यात, त्यांची चूक न्हाय. एक दिवस माझ्याकडं द्या.

दिला. त्यांनी काय केलं? नव्या पोरांना एक नंबर दरवाजापासून सहा नंबरपर्यंत नुसतं चालवलं. हातात काही नाही, तोंडातून शब्द नाही. "आधी रिकाम्या हातानं चाला. वाट पायांना ठावी होऊ द्या." युपीच्या पोरांना तेच हिंदीत, "पहले खाली हाथ चलो." मी हसलो होतो. पण तीन नंबरपाशी फरशी खचलीय, पाच नंबरपाशी पाणी साचतं, हे त्या पोरांना त्या दिवशी कळलं. मला तोवर माहीत नव्हतं.

मग मी वही घेऊन त्यांच्यामागे फिरलो. ते सांगत, मी लिहून घेई. त्याचं पुस्तक झालं. हे बघा, तुम्हा सगळ्यांच्या लॉकरमध्ये आहे. कंपनीच्या प्रत्येक गोदामात आहे. वर नाव कोणाचं? माझं. एकट्याचं.

दादांनी एकदाच विचारलं. "साहेब, माझं नाव खाली कुठं बारीक टाकता येल काय? पोरीला दाखवीन." मी म्हणालो, पुढच्या छपाईला बघू. पुढची छपाई झाली. त्यानंतरचीही झाली. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. रोज सकाळी माझ्यासाठी खुर्ची पुसून ठेवत राहिले.

मी विसरलो असं तुम्हाला वाटेल. विसरलो नाही. सातवी शिकलेल्या हेल्परनं माझ्या विभागाला शिकवलं, हे हेड ऑफिसला सांगायची मला लाज वाटली. आणि त्याच पुस्तकावर मी मॅनेजर झालो. दोन ओळींचं पत्र लिहायचं होतं. माझ्याच्यानं ते झालं नाही.

वहिनी, मी तुमचा अपराधी आहे. पुढच्या छपाईत दादांचं नाव यावं, असं पत्र काल हेड ऑफिसला गेलं. पण ते दादांना दिसणार नाही. त्यांना ते स्वतःच्या हातानं दाखवायचं होतं.

संगीता, बाळा, तुझ्या बाबांनी जे सांगायचं ते आज मी सांगतो. या सगळ्यांसमोर सांगतो. हे पुस्तक तुझ्या बाबांचं आहे. यातलं एकही काम मी केलेलं नाही. मी फक्त लिहून घेतलं.

आता दोन मिनिटं उभं राहून मौन पाळायची पद्धत आहे. आपण उभं राहायचं नाही. एक नंबरपासून सहा नंबरपर्यंत चालायचं, दादा चालवत तसं. हातातलं सगळं खाली ठेवा. मोबाईल, डबे, पिशव्या, सगळं. मीही हे पुस्तक इथे टेबलावर ठेवतो. कोणी बोलू नका.

संगीता, तू पुढे हो. तीन नंबरपाशी जपून. मी सगळ्यांच्या मागे येतो.