छतावरचा डाग

सन्माननीय नगराध्यक्ष हॅलिवेलसाहेब, व्यासपीठावरचे पाद्रीबुवा मॉसॉप, उद्या लंडनला निघालेले आपले लेखक लायोनेल हार्बॉटल, आणि गिरणीतून थेट आलेल्या बायांनो,

मी अ‍ॅडा क्रॉशॉ. हार्बॉटल आमच्याकडे खालच्या खोलीत भाड्यानं राहायचे, म्हणून निरोपाचं मला बोलायला सांगितलं. लांबण लावणार नाही.

त्यांचं पहिलं पुस्तक तुम्ही सगळ्यांनी वाचलंय. माझ्या धाकट्या बहिणीचं, झिलाचं, नाव तेवढं बदललं. तिरपा दात, हिरवी टोपी, आमच्या दाराची मोडकी कडी, सगळं जसंच्या तसं. पुस्तकातल्या बाईला शिलाईमशीन विकणाऱ्या फिरत्या माणसापासून दिवस जातात. झिलाला तेव्हा सहावा महिना होता. तिनं कुणाचंच नाव घेतलं नव्हतं. मग काय, पुस्तकातून तुम्हाला बाप सापडला. प्रार्थनामंदिरात गाणाऱ्या झिलाला मिसेस ऑग्डेन म्हणाल्या, "आवाज गोड आहे गं तुझा, पण आता घरीच गा." आठवतंय ना, मिसेस ऑग्डेन? मान कशाला खाली घालता?

आता म्हणे तसलं लिहिणं जुनं झालं. आता माणसाच्या डोक्यातलं लिहायचं. नव्या पुस्तकात एक गृहस्थ दाढी करायला बसतात, पुस्तक संपलं तरी एक गाल राहिलेलाच. असू दे. मघाशी पायऱ्यांवर मी यांना विचारलं, "झिलाच्या डोक्यात तेव्हा काय चाललं होतं, ते कधी लिहिणार?" हसून म्हणाले, "अ‍ॅडाबाई, ते कोण वाचणार?"

मग ऐका. पाद्रीबुवा आत्ताच म्हणाले, हार्बॉटल स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय एक ओळ लिहीत नाहीत. बरोबर आहे. पुस्तकात त्या बाईच्या माडीवरच्या खोलीत छताला ओलीचा डाग आहे, लंगड्या घोड्यासारखा. आहेच तो. पण तुळईच्या मागे आहे. दारातून दिसत नाही, खिडकीतून दिसत नाही. झिलाच्या उशीवर डोकं टेकलं तरच दिसतो.

त्या खोलीत फिरता विक्रेता कधी चढला नाही हो. खालचा भाडेकरू चढला.

बसा, हार्बॉटल. गाडी उद्या आहे.

हा समारंभ ठेवणाऱ्या मंडळाचे आभार, तुम्ही मुकाट ऐकलंत त्याचेही. बोलण्यात एखादा शब्द कमीजास्त झाला असेल तर पोटात घाला. मजकूर मात्र मागे घेणार नाही. शेजारच्या खोलीत चहा मांडलाय. झिला मागच्या रांगेत बसलीय, पहिला कप तिला द्या. मिसेस ऑग्डेन, तुम्हीच नेऊन द्या.