फ्रान्सचं घराणं अन् माझी दोन पोरं

मी मूळचा म्हसावदचा, बाप दुसऱ्याच्या केळीला पाणी भरायचा, पण मी शिकलो अन् गावातच इतिहासाचा मास्तर झालो. वर्गात पुस्तकी बोलायचो, घरी आपली अहिराणी. काय सांगू तुम्हाला, तीस वर्षं मी नववीला फ्रान्सच्या त्या सम्राटाच्या लढाया शिकवल्या, अन् त्यातल्या एका घराण्याची गोष्ट हमखास सांगायचो, बाप सेनापती, तिन्ही पोरं सेनापती, एक स्पेनात पडला, एक रशियाच्या बर्फात, तरी तिसरा मागे हटला नाही. पुस्तकात चारच ओळी, बाकी मी वाढवायचो. ऐकणाऱ्यांत माझी दोन्ही पोरं, आधी किरण, चार वर्षांनी भूषण.

किरण बारावी होताच फौजेत गेला. गावानं मिरवणूक काढली, पुढे मीच. तिसऱ्या हिवाळ्यात वर चौकीवर त्याचा पाय बर्फानं गेला, घोट्यापासून काढावा लागला. घरी आला तर बायको रडली नाही, तिनं कोमट पाणी आणलं अन् राहिलेला पाय धुतला.

मंग पुढच्याच साली भूषण भरतीचा कागद घेऊन आला. बायको भाकर थापी ऱ्हायनी होती, मान वर न करता मला विचारलं, "मास्तर, त्या तिन्ही भाऊस्नी माय काय करे?"

त्या तिन्ही सेनापतींच्या आईला शोधायला मी निघालो. शहाद्याला वाचनालयात गेलो, जाडी जाडी पुस्तकं काढली, तोफा किती, घोडे किती, सगळं होतं, त्या बाईचं नावसुद्धा नाही. घरी येऊन खरं सांगितलं, म्हटलं मले माहीत नाही, तीस वर्षं मी कधी पाहिलंच नाही. भूषणला म्हटलं नको जाऊ, भाऊ. तो म्हणे आप्पा, तुम्हीच तर शिकाडं.

आता भूषण वर शे, कुठे ते सांगत नाही. किरण पपईचा मळा पाहतो. बायको मला वाढते, बोलते, पण भूषणचा फोन आला की ओट्यावर जाऊन एकटीच बोलते, मला देत नाही. मी आतून ऐकतो. जेवना का, एवढंच विचारते, पुन्हा पुन्हा. तिचं चुकत नाही. ज्यांची ज्यांची लेकरं वर आहेत, ती सुखरूप येवोत. मी फोन मागत नाही.