अठ्ठावीसची खूण

(फोनवर. सूर्यकांत बेंगळूरला हेब्बाळच्या घरी, मुलगी मैत्रेयी इंग्लंडमध्ये लीड्सला.)

मैत्रेयी : त्या दिवशी फोन आईच्याच नंबरवरून आला होता, अण्णा. रोज फोन ठेवताना ती परीक्षेचा एक प्रश्न द्यायची, दुसऱ्या दिवशी उचलल्याबरोबर उत्तर द्यायचं. म्हणून मी हॅलोसुद्धा म्हटलं नाही. 'एकोणीसशे अठरा!' म्हणाले.

सूर्यकांत : माझा फोन सापडेना, म्हणून तिचा घेतला होता.

मैत्रेयी : तुम्ही गप्प. मी विचारलं, 'चुकलं का?' मग तुम्ही सांगितलंत, आई गेली म्हणून.

सूर्यकांत : राहू दे आता ते. शुक्रवारी ती तिथं कायम राहायची परीक्षा ना? तिचं पुस्तक घेऊन बसलोय. स्वल्प थांब, चष्मा... हां. एकोणीसशे अठ्ठेचाळीसमध्ये तिथं सगळ्यांना फुकट दवाखाना सुरू झाला. कधी?

मैत्रेयी : अण्णा! उत्तर तुम्हीच सांगितलंत.

सूर्यकांत : सांगितलं का? सरी, बरं. तुझी आई कसं विचारायची?

मैत्रेयी : साल सांगायचीच नाही. घरातली खूण द्यायची. 'आजोबा बेळगावहून बेंगळूरला आले, त्या साली तिथं काय सुरू झालं?' नाहीतर इंग्रजांचा इतिहास माझ्या डोक्यात राहतो होय!

सूर्यकांत : आणि एकोणऐंशी?

मैत्रेयी : 'तिथं पहिल्यांदा बाई पंतप्रधान झाली आणि इथं मी लग्न होऊन आले. दोन्हीकडे पुरुष सरळ झाले.'

सूर्यकांत : असं म्हणायची? मी तर बाजूलाच पेपर वाचत असायचो.

मैत्रेयी : म्हणून तर हळू म्हणायची. आणि दोन हजार वीसला, 'ते युरोपातून बाहेर पडले, तू घरातून.'

सूर्यकांत : हं... खाणकामगारांचा संप नाही का यात? चौऱ्याऐंशीचा. त्याला मला खूण लागत नाही. आमच्या युनियनचे लोक फॅक्टरीच्या गेटवर त्याच्या बातम्या वाचायचे. वर्षभर लढले आणि रिकाम्या हातानं कामावर गेले बिचारे.

मैत्रेयी : अण्णा, मी परीक्षा देणार नाहीये.

सूर्यकांत : का?

मैत्रेयी : पास झाले की इथं कायम राहायचा अर्ज करायचा. आणि तुम्ही तिथं एकटे. तेरावं झाल्यावर मी निघाले, तेव्हा गेटपाशी कसे उभे होतात, पाहिलंय मी.

सूर्यकांत : एकटा कुठला? खालची प्रेमाक्का दोनदा येऊन जेवलात का विचारून जाते. आज बिसीबेळे भात दिला. तिखट होता, पण संपवला.

मैत्रेयी : आणि पुस्तक उघडवत नाही. तो शेवटचा प्रश्न आहे ना त्यात. बायकांना पुरुषांच्या बरोबरीनं मत कधी मिळालं? अठरा बरोबर की चूक, मी अजून पाहिलेलं नाही.

सूर्यकांत : बघतो मी... अठरा साली तिशीच्या वरच्या बायकांना मिळालं, त्यातही सगळ्यांना नाही. पुरुषांच्या बरोबरीनं अठ्ठावीसला.

मैत्रेयी : म्हणजे चुकले.

सूर्यकांत : चुकलीस. तिनं सांगायचं होतं, ते मी सांगतोय.

मैत्रेयी : थांबा हं जरा.

सूर्यकांत : रड तू. मी आहे फोनवर.

मैत्रेयी : ...आहात?

सूर्यकांत : आहे. हे बघ, परीक्षा दे. पास झाल्यावर परत यावंसं वाटलं तर ये, विमानतळ इथून जवळ आहे, मी घ्यायला येतो. पण परीक्षा चुकवून येऊ नकोस. तिनं फार खपून शिकवलंय तुला.

मैत्रेयी : आणि तुम्हाला काय हवंय?

सूर्यकांत : मला तू इथं हवीस. म्हणूनच मला विचारू नकोस.

मैत्रेयी : ...देते शुक्रवारी. पण चुकलं की ती लगेच खूण द्यायची. अठ्ठावीसची द्या.

सूर्यकांत : अठ्ठावीस... माझी आई तीसची. तुझ्या आजोबांचं जन्मसाल कुणाला ठाऊक? माझ्या व्यंकोजीमामाला विचारून पाहतो.

मैत्रेयी : आईनं काहीतरी ठरवलेलं असणार.

सूर्यकांत : असणारच. उद्या याच वेळी फोन करतो. तिच्याच नंबरवरून करू?

मैत्रेयी : करा. मी हॅलो म्हणणार नाही.

सूर्यकांत : नको म्हणूस. अठ्ठेचाळीसची आहे, एकोणऐंशीची आहे, वीसची आहे. अठ्ठावीसची शोधायची राहिली आहे.